पाकिटावरची बारीक अक्षरे : रोजच्या खरेदीविषयी काही स्पष्ट मते

वहीवाली (पाचपाखाडी, ठाणे)

गेली एकवीस वर्षे मी घरच्या वाणसामानाची वही ठेवते आहे. ही सवय सासूबाईंची. भावाबरोबरच डाळ किती शिट्ट्यांत शिजली, रव्याला जाळी कधी धरली, जुना म्हणून घेतलेला तांदूळ प्रत्यक्षात नवा कधी निघाला, हेही त्या समासात टिपून ठेवीत. गेल्या पंधरवड्यात घराच्या रंगकामाच्या निमित्ताने त्या वह्या पुन्हा हाती आल्या आणि रोजच्या वापरातील काही वस्तूंविषयीची माझी मते इथे मांडावीत असे वाटले. ती एकाच घराच्या अनुभवावर आधारलेली आहेत, हे आधीच सांगते.

प्रथम तेल, कारण त्यात मी स्वतः फसले. जांभळी नाक्याच्या बाजारात मला शेंगदाणा तेलाऐवजी रोजच्या फोडणीसाठी दुसरे तेल घ्यायचे होते. शेजारी शेजारी दोन पिशव्या होत्या, एक १६० रुपयांची आणि दुसरी १५२ रुपयांची. आकार सारखा, रंग सारखा. आठ रुपये वाचतात म्हणून सलग चार महिने मी दुसरी घेतली. महिन्याला पाच पिशव्या पुरत असत, त्या पुरेनाशा झाल्या, तेव्हा मी मुलाच्या ऑम्लेटला दोष देत राहिले. मग एके दिवशी चष्मा लावून वाचले : पहिल्या पिशवीत एक लिटर, म्हणजे ९१० ग्रॅम तेल होते आणि दुसरीत ८५० ग्रॅम. शंभर ग्रॅमचा भाव काढला तर पहिली १७ रुपये ५८ पैशांना पडते आणि ‘स्वस्त’ दुसरी १७ रुपये ८८ पैशांना.

पूर्वी खाद्यतेल, चहा, बिस्किटे, साबण अशा एकोणीस प्रकारच्या वस्तू ठरावीक वजनमापांतच बांधून विकाव्या लागत. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, ते बंधन गेले आणि त्याऐवजी प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव पाकिटावर छापणे सक्तीचे झाले. सोय चांगली आहे. पण एक किलोहून कमी वजनाच्या वस्तूवर भाव प्रति ग्रॅम छापतात आणि तो दोन दशांश स्थळांपर्यंतच असतो. वरच्या दोन्ही पिशव्यांचा प्रति ग्रॅम भाव काढून पाहिला तर दोहोंचा आकडा ०.१८ रुपये येतो. त्यातच पहिल्या पिशवीवर भाव लिटरचा असतो. तेव्हा कागद-पेन्सिल काही सुटत नाही.

दुसरी वस्तू साबण. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर मागच्या बाजूला ‘टीएफएम’ असा आकडा असतो; साबणात मेदाम्लांचे एकूण प्रमाण किती, हे तो सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे ७६ टक्के किंवा अधिक असेल तर पहिली श्रेणी, ७० ला दुसरी आणि ६० ला तिसरी. याखाली ‘बेदिंग बार’ नावाचा वेगळाच प्रकार येतो, त्याला ४० टक्के पुरतात आणि त्याला ‘टॉयलेट सोप’ म्हणता येत नाही. आमच्या घरी अनेक वर्षे येत असलेला, जाहिरातीत दुधाने न्हाऊन निघालेला साबण बेदिंग बार होता, हे मला अवघ्या दोन वर्षांपूर्वी कळले. बेदिंग बार वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. पारदर्शक ग्लिसरीनच्या वडीतही हा आकडा कमीच असतो आणि हिवाळ्यात माझ्या कोरड्या त्वचेला तीच मानवते. पण साबणदाणीत तिसऱ्या दिवशी लगदा होणारी वडी आणि शेवटच्या पापुद्र्यापर्यंत कडक राहणारी वडी एकाच भावाने का घ्यावी?

आइस्क्रीमविषयी थोडक्यात लिहिते. डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असेल तर आत दुधाच्या मलईऐवजी वनस्पतिजन्य मेद असतो. चवीला ते बरे लागते, मुले मिटक्या मारतात. फक्त आपण आइस्क्रीमचे पैसे मोजत नाही ना, एवढे पाहावे.

पावाच्या बाबतीत मात्र मी कठोर आहे. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे ज्याचे प्रमाण सर्वाधिक ते नाव पहिले. ‘मल्टिग्रेन’ म्हणून ओट्स आणि जवसाची चित्रे मिरवणाऱ्या एका पावाच्या यादीत पहिले नाव मैद्याचे होते, आणि सगळी धान्ये मिळून जे प्रमाण कंसात छापले होते ते वाचून माझा नवरा म्हणाला की एवढे तीळ तर आपण चकलीतही घालतो. तपकिरी रंगावरही जाऊ नये. यादीत ‘१५०’ या आकड्याने सुरू होणारा रंग दिसला तर तो कॅरॅमलचा असतो.

मीठभाकर (कळवा)

लेख आवडला, परंतु एक तक्रार नोंदवतो. आपण एकाही उत्पादनाचे नाव दिलेले नाही. कोणते तेल घ्यावे आणि कोणता साबण टाळावा हे स्पष्ट सांगितले असते तर आमच्यासारख्या घाईत खरेदी करणाऱ्यांचे काम सोपे झाले असते. स्पष्ट मते म्हणायची आणि नावे झाकायची, हे काही पटले नाही.

वहीवाली

आपली तक्रार रास्त आहे. पहिल्या खर्ड्यात मी नावे लिहिली होती. नंतर वहीत मागे जाऊन पाहिले, तर २०१४ साली मी ज्या चहाला ‘उत्तम, हाच घ्यावा’ असा शेरा दिला होता, त्याच चहाला २०१९ साली ‘भुकटी फार, रंग खोटा’ असे लिहिलेले सापडले. नाव तेच, खोक्यावरचे चित्रही तेच. कंपनी मिश्रण बदलते, वजन बदलते, आणि आपण मात्र नावावर विसंबून वर्षानुवर्षे तेच उचलतो. मी आज एखादे नाव सुचवले तर दोन वर्षांनी हा धागा वाचणाऱ्याला ते चुकीच्या दिशेला नेईल. पाकीट उलटे करून वाचायला साधारण अर्धा मिनिट लागतो आणि ती माहिती त्या दिवसाची असते.

चरईकर (ठाणे)

तेलाच्या वजनात आणखी एक गोम आहे. तेल तापले की प्रसरण पावते, त्यामुळे एक लिटर तेलाचे वजन तापमानावर अवलंबून राहते. काही पिशव्यांवर ‘६० अंश सेल्सिअसला एक लिटर’ असे छापलेले असे, आणि त्या हिशेबाने पिशवीत तेल साधारण पंचवीस ग्रॅम कमी भरले तरी आकडा एक लिटरच राहत असे. आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यातही ६० अंश तापमान कधी होत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली तापमानाचा उल्लेख न करता माप छापण्याच्या सूचना दिल्या. तरीही लिटरकडे न पाहता ग्रॅमच पाहावेत, असे माझे मत आहे, कारण वजन तापमानाने बदलत नाही.

पामबीचचा_रहिवासी (नेरूळ)

आपण वस्तूंविषयी लिहिले, मी एका सेवेविषयी लिहितो : घरातले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि त्याचा वार्षिक देखभाल करार.

सात वर्षांपूर्वी नेरूळला राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या आवारात एका कंपनीचे प्रतिनिधी प्रात्यक्षिक दाखवायला आले होते. दोन पेले, एकात आमच्या नळाचे पाणी आणि दुसऱ्यात त्यांच्या यंत्रातले. दोन्हींत विजेच्या सळयांचे एक उपकरण बुडवले. मिनिटभरात नळाचे पाणी तांबूस-हिरवट गढूळ झाले, यंत्रातले तसेच राहिले. बायका-मुलांसमोर असे पाणी दाखवल्यावर कोण थांबणार? मी त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम भरली.

वास्तविक त्या रंगाचा घाणीशी संबंध नव्हता. पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंडी सळई झिजून तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्रातल्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असल्यामुळे त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्या ‘शुद्ध’ पेल्यात चिमूटभर मीठ टाकले असते तर तोही लाल झाला असता. हे मला मुलीने तिच्या नववीच्या पुस्तकातले विद्युत अपघटन समजावून सांगताना उमगले, तोपर्यंत पैसे गेले होते.

नवी मुंबई महापालिकेचे पाणी खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून येते आणि भोकरपाड्याच्या केंद्रात त्यावर प्रक्रिया होते. हे पावसाचे, धरणाचे पाणी. त्यात क्षार मुळातच कमी. मी काही शे रुपयांचे मापक आणून आमच्या नळाचे पाणी मोजले, तेव्हा विरघळलेल्या क्षारांचा आकडा ७० च्या आसपास आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचे प्रमाण स्वीकारार्ह मानले आहे. क्षार काढणारे आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते, म्हणून ज्या ठिकाणी हा आकडा ५०० च्या खाली आहे तिथे अशा यंत्रांना मनाई करावी असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली दिला होता. आमच्या पाण्यातला संभाव्य धोका जुन्या वाहिन्यांतल्या आणि गच्चीवरच्या टाकीतल्या जंतूंचा आहे आणि त्यासाठी अतिनील किरणांचे साधे यंत्र किंवा उकळलेले पाणी पुरते.

आता देखभाल कराराविषयी. दर सहा महिन्यांनी तंत्रज्ञ येत असे, ‘मेम्ब्रेन’ म्हणजे क्षार अडवणारा पडदा ‘संपली’ म्हणत असे आणि जुना भाग पिशवीत घालून घेऊन जात असे. तिसऱ्या वर्षी मी जुना भाग माझ्याकडेच ठेवायला सांगितले आणि बदलण्याआधी व बदलल्यानंतर यंत्रातल्या पाण्याचे मोजमाप केले. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला. मी करार पुढे वाढवला नाही. तंत्रज्ञ मुलगा सज्जन होता. महिन्याला किती भाग बदलायचे याचे उद्दिष्ट त्याला वरून ठरवून दिलेले असते, हे त्यानेच जाताना सांगितले.

टँकरग्रस्त (घोडबंदर रस्ता, ठाणे)

नेरूळकरांशी सहमत आहे, मात्र त्यांचा निष्कर्ष सगळ्यांना लागू होत नाही. भातसा किंवा बारवी धरणाचे नळाचे पाणी येते तिथवर ठीक. आमच्या संकुलात उन्हाळ्यात टँकरवर भिस्त असते आणि टँकरचे पाणी अनेकदा कूपनलिकेचे असते. मागच्या एप्रिलमध्ये आमचा आकडा ९०० च्या वर गेला होता आणि नळांच्या तोट्यांवर पांढरा थर धरला होता. अशा वेळी आरओ बंद ठेवा असे कोणी सांगू नये. स्वतः मोजावे आणि मगच ठरवावे.

याच पाण्यामुळे कपड्यांच्या पावडरीचे प्रमाणही बदलते, ही गोष्ट मला उशिरा समजली. मृदू पाण्यात फेस लवकर होतो, त्यामुळे नळाचे पाणी असताना पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या निम्म्याने काम भागते. टँकरचे जड पाणी असेल तर पूर्ण माप लागते आणि तरीही बनियन करडे दिसतात. माप म्हणून जे झाकण मिळते त्यावरची सर्वांत वरची रेघ विक्रेत्याच्या सोयीची आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

गल्ल्यावरून (कोपरखैरणे)

मी किराणा दुकान चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कंपनी वजन बदलते असे आपण म्हणता; बिस्किटांचे आणि शाम्पूच्या पुड्यांचे वजन घटते हे खरे, पण दुकानात येणारे गिऱ्हाईक वजन विचारत नाही. ते ‘दहावाला द्या’ म्हणते. दहाचा पुडा बाराला केला तर तो फळीवर तसाच पडून राहतो, म्हणून कंपनी भाव स्थिर ठेवते आणि आतले दोन घास काढून घेते. उलटेही घडलेले मी पाहिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, साबण, टूथपेस्ट, शाम्पू यांवरचा वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्के झाला, तेव्हा माझ्याकडे आलेल्या काही दहाच्या पुड्यांत भाव तोच राहून वजन वाढले. ते एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आले नाही. जुन्या छापील किमतीच्या मालावरून मात्र त्या महिन्यात दिवसाला दहा भांडणे झाली.

सुट्या मालाविषयीही सांगतो. लोकांना पिवळीधमक, चकचकीत तूरडाळ हवी असते. ती चमक तेलाच्या किंवा पाण्याच्या हाताने आणि घासून आणलेली असते. बिनपॉलिशची डाळ मळकट दिसते म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण शिजायला आणि चवीला ती सरस असते. माझ्या स्वतःच्या घरी तीच जाते. काट्याबद्दल शंका असेल तर त्यावरचा वैधमापन विभागाचा शिक्का आणि पडताळणीचे प्रमाणपत्र बघायला मागावे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असे लावावे लागते.

वहीवाली

गल्ल्यावरून यांचे आभार. ‘दहावाला द्या’ हे मीही म्हणत आले आहे, हे मान्य करायला हवे.

काट्याचा विषय निघाला म्हणून मिठाईची आठवण झाली. दिवाळीत एका दुकानात अर्धा किलो काजूकतली घेतली. जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी कडांचा खोका आधी काट्यावर ठेवला आणि आकडा शून्यावर न आणता त्यात मिठाई भरली. मी खोका वेगळा तोलायला लावला तेव्हा तो ७० ग्रॅमचा निघाला. वजन निव्वळ वस्तूचे धरायचे असते, खोक्यासकट नाही. हजार रुपये किलोच्या मिठाईत ७० ग्रॅम म्हणजे पुठ्ठ्याचे ७० रुपये झाले. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका काकांनी ‘सणासुदीला कशाला वाद’ म्हणून मला गप्प करण्याचा प्रयत्न केला आणि पाठोपाठ स्वतःचाही खोका तोलून घेतला.

हापूसवेडा (सानपाडा)

वाशीची घाऊक बाजारपेठ इतकी जवळ असूनही आंब्यात फसवले जाणाऱ्यांत सानपाड्याचे लोक पुढे असतात, कारण ‘मार्केटमधून थेट आणला’ या तीन शब्दांवर आमचा फार विश्वास. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळांना आहे. कर्नाटकातून येणारा आंबा दिसायला जवळपास तसाच असतो आणि कोकणातल्या गावाच्या नावाच्या पेटीत बसतो. पेटीवरचे छापील नाव मी आता वाचतच नाही. पेटीतला पेंढा बाजूला करून तळच्या थरातले एक फळ मागतो. विक्रेता कुरकुरला तर पुढच्या गाळ्यावर जातो. खऱ्या हापूसचा वास फळ न कापताही देठापाशी येतो आणि साल पातळ असते. सगळी पेटी एकसारखी पिवळी आणि फळ दाबल्यास कडक असेल तर मी घेत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर बंदी आहे, इथिलीन वायूला मर्यादित प्रमाणात परवानगी आहे. पण गाळ्यावर उभे राहून कोणते वापरले हे ओळखता येत नाही, त्यामुळे मी थोडी हिरवी फळे घेऊन घरी अढी घालतो.

दहा_मिनिटांत (खारघर)

घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपविषयी कोणीच लिहिले नाही. मी नोकरी करते, त्यामुळे त्यांच्याशिवाय माझे चालत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण गेल्या महिन्यात एका बिलाचे तुकडे करून पाहिले : कोथिंबीर, दही आणि अंडी मिळून १४६ रुपये, आणि त्यावर हाताळणी, पोहोच, लहान मागणी, पाऊस अशा चार नावांनी ५१ रुपये. शेवटच्या पानापर्यंत हे आकडे दिसले नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली आहे आणि शेवटी शेवटी किंमत वाढवत नेणे ही त्यांतलीच एक आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि नऊ दिवसांनी ‘लहान मागणी’चे पैसे परत आले. पावसाचे मात्र आले नाहीत.

चरईकर

गॅसच्या टाकीचे वजन कोणी करून घेते का? टाकीत १४.२ किलो गॅस असायला हवा. रिकाम्या टाकीचे वजन वरच्या कड्याजवळ लिहिलेले असते, दोहोंची बेरीज काट्यावर यायला हवी. टाकी आणणाऱ्याकडे काटा असणे अपेक्षित आहे. तिथेच एक अक्षर आणि वर्षही असते : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे, ती त्या टाकीच्या पुढील चाचणीची मुदत होय.

वहीवाली

चरईकरांचा प्रतिसाद वाचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकी आली, म्हणून वजन करायला सांगितले. टाकी आणणाऱ्या दादांनी खाली जाऊन टेम्पोतून लोंबता काटा आणला. तो अजून कारखान्याच्या प्लास्टिकमध्येच गुंडाळलेला होता आणि ते कात्रीने कापावे लागले. कड्यावर १५.७ लिहिले होते, काटा २९.८ दाखवत होता. शंभर ग्रॅम कमी. काट्याचा दोष की टाकीचा, यावर आम्ही जिन्यात दहा मिनिटे बोललो आणि शेवटी दादांनीच शेजारच्या काकूंची टाकी त्याच काट्याला लावून पाहिली. ती बरोबर भरली. माझी टाकी ते परत घेऊन गेले, दुसरी संध्याकाळी आली. तिच्यावर डी आणि पुढचे वर्ष आहे, वजन पूर्ण. दोन्ही आकडे वहीत लिहिले आहेत.